तुळईचा हिस्सा

बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी तालुक्यातल्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात देसायांच्या वाड्याचं लाकूड विकायला निघालं. या भागात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. बेळगाव-कोल्हापूरचे, कधी गोव्याकडचे व्यापारी येतात, खांबाला टेप लावतात, हातोडीनं ठोकून कान देतात आणि घनफुटाचा दर सांगून मोकळे होतात. नऊ इंची चौरस आणि नऊ फूट उंच सागवानी खांब साधारण पाच घनफूट भरतो. त्यातनं ओलीनं कुजलेला बुंधा वजा, सांध्यांच्या खाचा वजा, खिळ्यांनी नासलेली बाजू वजा, म्हणजे पदरात पडतात तीन-साडेतीन. हे सगळं रीतसर चाललं होतं. गाडं अडलं ते सोप्यावरच्या, म्हणजे ओसरीवरच्या, अठरा फुटी तुळईपाशी. एवढ्या लांबीचं जुनं सागवान सहसा मिळत नाही, म्हणून त्याला दरही चढा, आणि व्यापारी ती अख्खी मागत होता. पण तिचं एक टोक थोरल्या पातीच्या, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेच्या, वाटणीत, दुसरं धाकट्या पातीच्या. थोरले विकायला बसलेले, धाकटे पुण्यात आणि फोनवर नुसतं "बघू". "दोघं मिळून सही करा की ओ मालक, अख्खीचे पैसे वाटून घ्या," व्यापाऱ्यानं दोनदा सुचवलं. शेवटी दुपारी खडूनं रेघ मारली आणि यंत्राच्या करवतीनं तुळई कापली. ती रेघ मधल्या खांबावर पडली असती तर धाकट्यांच्या तुकड्याला निदान खाली आधार मिळाला असता. ती पडली दोन खांबांच्या मध्ये. तो तुकडा आता नीलगिरीच्या टेकूवर उभा आहे आणि त्याच्यावरच्या कड्या एका अंगाला झुकल्या आहेत.

डोक्यात राहिली ती रेघ. कुणी द्वेषानं मारलेली नव्हती. जुन्या वाटणीच्या वेळी पंचांनी सोपा जमिनीवर मोजला, लांबीचे दोन सारखे भाग केले, भिंतीवर गेरूनं खूण केली आणि चहा पिऊन उठले. मान वर करून कुणी बघितलं नाही.

वाडा मात्र छपरापासून खाली जगतो. खानापूर-जांबोटीच्या बाजूला पाऊस धो धो, म्हणून तिथं उतरती कौलं. अथणी-रायबागकडे पाऊस बेताचा, तिथं मातीचं सपाट छप्पर, म्हणजे माळवद. मधल्या पट्ट्यात दोन्ही सापडतात, कधी एकाच वाड्यात. कौलारू वाड्याचं सगळं गणित वैशाखातल्या शाकारणीवर. वळवाचा एखादा पाऊस होऊन गेला की कुठं गळतंय ते कळतं. मृग निघायच्या आत कौलं उतरवायची, पालापाचोळा झाडायचा, कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि वळचणीपासून आढ्याकडं पुन्हा चढवत न्यायची. आढ्यावरची कौलं चुन्यात बसवायची. मंगळुरी कौलाला रिपांमधलं अंतर साडेबारा इंच लागतं. सुतारानं बोटभर चुकवलं की कौल एक तर नीट पकडत नाही, नाहीतर वाऱ्यानं उचलतं. शंभर चौरस फुटांना दीडशे कौलं. दोन चौकी वाड्याचं छप्पर सहा हजार फूट धरलं तर नऊ हजार कौलं, त्यातली वर्षाला शेकडा दोन जरी माकडांनी, मांजरांनी, नारळाच्या झावळ्यांनी फोडली तरी एकशे ऐंशी. हेही मंगळुरी कौल आल्यानंतरचं. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५चा; त्याच्या आधीच्या वाड्यांवर कुंभारी नळ्या होत्या, त्या संख्येनं कितीतरी पट, आणि दरसाल सरकणाऱ्या.

सगळ्यात नाजूक जागा चौकाचे चार कोपरे. तिथं दोन उतार आतल्या बाजूला एकमेकांना भेटतात, दोन्हींचं पाणी एकाच कोन्याच्या पन्हळीत येतं. पन्हळ चांगली रुंद हवी, दोन्ही बाजूंची कौलं तिच्यावर तीन-चार इंच आत आलेली हवीत. पिंपळाची पानं साचली की पाणी तुंबतं, मागं सरकतं, कौलाखालनं वाशाच्या टोकाला लागतं. वासा भिंतीत गेलेला असतो, म्हणून कुजतोय ते खालून दिसत नाही. बाहेरनं रंग, वॉर्निश ठीकठाक. हातोडी मारली की बद्द आवाज येतो. तिथनं ओल तुळईच्या टोकाला, तिथनं मातीच्या भिंतीत, आणि ओल्या भिंतीतनं वाळवी. एका तुंबलेल्या पन्हळीपासून कोपरा बसेपर्यंत दहा-बारा पावसाळे लागतात. माळवदाचं दुखणं वेगळं. तिथं दर पावसाळ्याआधी खाऱ्या पांढऱ्या मातीचा थर देऊन चोपायचा असतो, पण आधी जुना थर खरवडून काढायचा असतो. ते कष्टाचं काम टाळलं की थरावर थर चढतात. शंभर चौरस फुटांवर फूटभर माती म्हणजे साडेचार-पाच टन वजन, भिजली की आणखी. कड्या वाकतात, वाकल्या की मध्ये पाणी साचतं, साचलं की आणखी माती टाकतात.

हे सगळं कोण करत होतं? कुंभार कौलं द्यायचा, सुतार रिपा मारायचा, त्यांना सुगीला बलुतं. चढून कौलं चाळायला, माती वाहायला, चोपायला गावातनं घरटी माणूस यायचा, आणि त्याला बहुतेक वेळा दुपारची भाकरी सोडून काही मिळायचं नाही. त्याला वेठ म्हणत. वाड्याचं छप्पर कोरडं राहायचं ते त्या माणसांच्या अंगावर. आज वाड्यांची हळहळ करणाऱ्या लेखांत नक्षीदार महिरपी येतात, तुळशीवृंदावन येतं, हा घरटी माणूस येत नाही, आणि मला ती हळहळ म्हणूनच थोडी पोकळ वाटते. तरीही अठरा फुटांचं लाकूड करवतीखाली जाताना बघून पोटात काही हललं नाही असं म्हटलं तर तेही खोटं.

देसाई म्हणजे मुळात काम. परगण्याचा वसूल गोळा करणं, हिशेब पटवणं, जमिनीची लागवड वाढवणं, गरजेला शिबंदी उभी करणं. मोबदल्यात इनाम गावं, शेरीच्या, म्हणजे घरच्या खासगीतल्या, जमिनी, वसुलातला हक्क. या सगळ्याला मिळून देसगत. इंग्रजी अमलात मोठ्या घराण्यांची पडझड आवाज करत झाली, आणि बहुतेक वेळा दत्तकावरनं. कित्तूरचे देसाई १८२४ साली निपुत्रिक वारले, दत्तक नामंजूर झाला, त्यातून राणी चन्नम्मांची लढाई उभी राहिली. निपाणीकरांची जहागीर १८३९ साली वारसाअभावी गेली. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना दत्तक नाकारला, आणि जून १८५८ मध्ये त्यांना बेळगावात फाशी दिलं. ही नावं चौकातल्या पुतळ्यांत आणि भाषणांत आहेत. शेकडो लहान देसगतींचं काय झालं ते मात्र जमाबंदीच्या कागदांत आहे. १८५२च्या कायद्यानं इनाम कमिशन सनदा तपासत गावोगाव फिरलं. ज्याच्याकडं जुना कागद तो वाचला, ज्याचा कागद उंदरांनी खाल्ला त्याची जमीन सरकारात. मग १८६४च्या सुमारास दक्षिण महाराष्ट्रात गॉर्डनसाहेबाचा ठराव झाला. त्यात सरकारनं देसाई-देशपांड्यांना सांगितलं, तुमची चाकरी नको, उत्पन्नातनं जुडी, म्हणजे ठरलेला हलका सारा, भरा आणि पुरुष वारस आहे तोवर वतन खा.

माझ्या मते खरी उतरण तिथं लागली. वाड्यात कुणालाही ती उतरण वाटली नाही, उलट निर्धास्ती वाटली. काम गेलं, उत्पन्न राहिलं, तेही पुढची जवळजवळ नव्वद वर्षं. ज्या घराला चार गावांचा वसूल तोंडपाठ होता त्या घरातल्या मुलाला आता कोणत्या शेतात किती खंडी जोंधळा होतो ते माहीत असायची गरज उरली नाही. कारभारी होता. कारभाऱ्याचं घर पुढं कसं वाढलं ते प्रत्येक गावात दाखवता येतं.

स्वातंत्र्यानंतर कायदे एकामागून एक आले. परगणा आणि कुलकर्णी वतनं १ मे १९५१ला बंद, जातइनामं १ ऑगस्ट १९५३ला. गावकामगारांची, म्हणजे पाटलांपासून खालपर्यंतची वतनं इकडं १९६३मध्ये गेली. पण जमीन एकदम हातची गेली असं झालं नाही. आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, पटीत रक्कम भरून पूर्वीच्या वतनदारालाच ती साध्या कब्जेदाराच्या नात्यानं परत मिळत होती. ज्यांनी मुदतीत भरली त्यांची राहिली. ज्यांच्या घरी "सरकार आपली जमीन आपल्यालाच विकतंय होय?" म्हणून ताठा आडवा आला, त्यांची लटकली.

आणि मग सीमा. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक, राज्यात गेलं. पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ला, पलीकडं मुंबई राज्यात कृषक दिन उजाडला आणि कागल, गडहिंग्लज, चंदगडकडची कुळं कायद्यानं मालक ठरू लागली. इकडं तो दिवस उजाडला १ मार्च १९७४ला, देवराज अरसांच्या सरकारच्या काळात. मधे सतरा वर्षं. या वाड्यांच्या सोयरिकी पलीकडच्याच घराण्यांशी. बहिणीच्या सासरी काय झालं ते भाऊबीजेला आल्यावर कानावर पडत होतं. म्हणजे इथल्या देसायांना सतरा वर्षांची आगाऊ नोटीस मिळाली होती. काहींनी तिचा उपयोग केला. जमीन विकून बेळगावात टिळकवाडीला प्लॉट घेतले, मुलांना वकिली-डॉक्टरकीला घातलं, शेरी स्वतः कसायला घेतली. पुष्कळांनी दरसाल कूळ बदललं, एकाच्या नावावर दोन हंगाम होऊ दिले नाहीत. काहींनी कुळांकडनं "मी पगारी गडी आहे" असं लिहून अंगठे घेतले. अशा अंगठ्यांचे कागद अजून रुमालात बांधलेले सापडतात, आणि ते हातात घेताना त्या घराबद्दलचा आदर जरा खाली उतरतो.

१९७४नंतर खेळ पहाणीपत्रकाचा, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्याचा. नऊ नंबरच्या रकान्यात मालक, बाराच्या रकान्यात कसणारा. कुळानं सात नंबरचा फॉर्म भरून भूमी न्यायमंडळाकडं द्यायचा; मुदत वाढत वाढत ३० जून १९७९पर्यंत गेली. मंडळात वकिलाला मज्जाव होता. खंड धान्यात दिलेला, त्याची पावती कोणाकडं? मग बाराच्या रकान्यात तलाठ्यानं कधी काय लिहिलं त्यावर सगळं. शिवाय खुद्द कसणाऱ्याला दहा युनिटांची कमाल मर्यादा. बागायतीत दहा एकर, हलक्या कोरडवाहूत चोपन्न. निकालानंतरचे दिवस कसे होते ते ऐकायचं तर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना विचारावं. कुळाच्या घरातली म्हातारी सांगते, त्या वर्षी पहिल्यांदा मळणी झाल्यावर धान्य मोजलंच नाही, सरळ घरात नेलं. वाड्यातली म्हातारी सांगते, त्या वर्षी बळद, म्हणजे धान्याचं कोठार, पहिल्यांदा रिकामं राहिलं आणि आत हाक मारली की आवाज परत यायचा. एकाच जोंधळ्याच्या या दोन आठवणी आहेत, आणि मला त्यातली एक निवडता येत नाही.

नशिबाचे फासेही कसे पडतात बघा. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाला नाव राजा लखमगौडांचं, वंटमुरीच्या सरदेसायांचं. बेळगावातलं १९३९चं कायद्याचं कॉलेजही त्यांच्याच नावाचं. त्याच धरणाच्या पाण्यावर काल कुळं असलेल्यांच्या शेतात ऊस उभा राहिला आणि स्लॅबची घरं उठली. कॉलेजातनं शिकून बाहेर पडलेल्या वकिलांनी पुढं देसायांचे वाटणीचे दावे दोन्ही बाजूंनी लढवले.

कारण जमीन गेल्यावर उरला वाडा, आणि वाड्याला वाटणी लागली. पूर्वी कित्येक देसगती वाटल्या जात नव्हत्या. थोरला गादीवर, धाकट्यांना पोटगी. वतनच उठल्यावर ती रीत टिकणं कठीण होतं. धारवाडकडच्या कुंदगोळ देसगतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली तेच धरलं: वतन संपून परत मिळालेली जमीन एकत्र कुटुंबाची, तिची वाटणी होते. न्याय म्हणून हे बरोबरच. १८८६च्या कायद्यानं वतनाच्या वारसात मुलींना पुरुषांच्या मागं ढकललं होतं. कर्नाटकात १९९४पासून लग्न न झालेल्या मुली मुलांच्या बरोबरीनं हिस्सेदार झाल्या, २००५ला देशभर मुलींना तो हक्क मिळाला. पण छपराच्या दृष्टीनं हिशेब असा: दोन पात्या, प्रत्येकीत तीन मुलगे, त्या प्रत्येकाला चार मुलं. तिसऱ्या पिढीत चोवीस सह्या. कोन्याची पन्हळ बदलायला पाच-सात हजार रुपये लागतात, ते ज्यानं घालायचे त्याचा हिस्सा चोविसावा, आणि "आमच्या बाजूला गळत नाही" म्हणणारे तेवीस. पाण्याला अर्थातच बाजू नसते. ते थोरल्यांच्या कोपऱ्यात शिरतं आणि धाकट्यांच्या भिंतीतनं उतरतं.

कागदांची अवस्थाही अशीच. सनदा आणि वाटण्या मोडीत, नंतरचे उतारे मराठीत, १९५६नंतर हळूहळू सगळं कानडीत. गावठाणातली मिळकत आता ई-स्वत्तूला, म्हणजे पंचायतीच्या संगणकी नोंदीला, चढल्याशिवाय खरेदीखत होत नाही, आणि चढवायला गेलं तर पंचायतीच्या उताऱ्यावर नाव पणजोबांचं. त्यांच्यानंतर वारसा लागलेलाच नाही. एक मयताचा दाखला कोल्हापूरचा, एक इंदूरचा, एक आत्या अमेरिकेत. म्हणून वाडा विकताही येत नाही. लाकूड विकता येतं, कारण लाकडाला उतारा लागत नाही.

ज्यांना वाडा राखायचाच होता त्यांनीही नकळत मारला, तो सिमेंटनं. मातीच्या किंवा चुन्यातल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. पहिली दोन वर्षं भिंत झकास दिसते, मग तिला पोट येतं आणि गिलावा पापुद्र्यानं सुटताना बरोबर भिंतीची माती घेऊन येतो. चुना म्हटलं की मिस्त्री नाक मुरडतात, पण कृती काही अघोरी नाही. कळीचा चुना विझवून किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा, एकास दोन वाळू, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालून मळायचा, अर्ध्या इंचापेक्षा जाड थर एका वेळी द्यायचा नाही, आणि आठ-दहा दिवस गोणपाट भिजवून सावलीत सुकू द्यायचा. घाई केली की तडे. आजच्या मजुरीच्या दरात हे 'आठ-दहा दिवस' कुणाला परवडत नाहीत, एवढीच अडचण.

त्या लाकूडविक्रीत आणखी एक गोष्ट दिसली. दिवाणखान्याचं कोरीव काम, ज्याच्यासाठी व्यापारी आला होता, ते आतनं भुसा झालेलं. हस्तावरचा, म्हणजे तुळईखालच्या कोरीव आधारावरचा, पोपट बोटानं दाबला तर चोच हातात आली. आणि माजघरामागच्या स्वयंपाकघरातल्या साध्या, ओबडधोबड कड्या काजळीनं डांबरासारख्या काळ्या, पण ठोकल्या की खणखणीत. तिथं शेवटपर्यंत चूल पेटत होती. धुरानं कीड लागू दिली नव्हती. दिवाणखाना १९७४नंतर फक्त दसऱ्याला उघडायचा. स्वयंपाकघरात मात्र एक विधवा काकी होत्या, त्यांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं, आणि त्या रोज दोन वेळा चूल पेटवत होत्या. व्यापाऱ्यानं त्या काळ्या कड्यांना सगळ्यात चांगला दर दिला.

बाकी उरला तो मान. या भागात महालक्ष्मीची यात्रा दरसाल नसते, कुठं नऊ वर्षांनी, कुठं बारा, कुठं त्याहून जास्त. देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या बैठकीवर, बसली की पहिली ओटी वाड्याची, ही रीत बऱ्याच गावांत जमीन जाऊनही टिकली आहे; देवस्की पंच आजही निरोप धाडतात. पण मानालाही पात्या लागल्या. चार पात्या, पाळीपाळीनं, यात्रा बारा वर्षांनी, म्हणजे एका घराची पाळी अठ्ठेचाळीस वर्षांनी. आजीनं ओटी भरलेली असते ती थेट नातसुनेच्या वाट्याला येते, आणि तिला नऊवारी कशी नेसायची ते यूट्यूबवर बघावं लागतं. पाळी कुणाची यावरनं भाऊबंदांत पत्रापत्री होते, क्वचित वकिलाची नोटीसही जाते. पंच दोन्ही बाजू ऐकून घेतात, जुनी वही काढतात, नाव सांगतात. वर्गणीच्या पावत्या मात्र पाळी असो वा नसो चारी पात्यांच्या नावानं फाडल्या जातात, रक्कम गावातल्या बाकीच्या घरांइतकीच, आणि ती यात्रेच्या आधी भरावी लागते.